जागा, जाहिरात आणि वशिला

तंत्रविद्यापीठात संशोधकाची जागा निघाली आहे, अशी बातमी एखाद्या तालुक्याच्या गावी येते, तेव्हा पाराशी बसलेल्या मंडळींत पहिले वाक्य काय निघते? "अहो, ते सगळं आधीच ठरलेलं असतं. वशिल्याशिवाय तिथं कोण कुणाला घेतं!" हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित वैतागून कधी बोललाही असाल. बोलण्यात अगदीच तथ्य नाही, असे कोण म्हणेल? पण त्यावर विश्वास ठेवून गावातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी अर्जच करीत नाही, तेव्हा नुकसान कुणाचे होते? जागा तर कुणीतरी भरतोच. म्हणून आज या जागांचा थोडा इतिहास पाहू या. ही जागा मुळात आली कुठून, ती कुणाच्या हातात होती आणि तिची जाहिरात करण्याची पद्धत का महत्त्वाची, हे त्यावरून ध्यानात येईल.

आधी शब्दांचा उलगडा करून घेऊ. पदवी म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम पुरा केल्याची पावती. डॉक्टरेट म्हणजे पीएच.डी. मात्र वेगळी. तिथे विद्यार्थ्याने आजवर कुणी न सोडवलेला एखादा प्रश्न हाती घ्यायचा, एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली तीन-चार-पाच वर्षे त्यावर काम करायचे, आणि जे हाती लागेल ते प्रबंधात लिहून जाणत्यांच्या परीक्षेला ठेवायचे. आता इतकी वर्षे खायचे काय? म्हणूनच पगारी जागा लागते. युरोपात अशा माणसाला पूर्वीपासून 'सहायक' म्हणत. तो प्राध्यापकाची प्रयोगशाळा सांभाळी, विद्यार्थ्यांच्या वह्या तपाशी, आणि उरलेल्या वेळात आपला प्रबंध लिही. म्हणजे संशोधनाला दारे दोन: एक पदवी देण्याच्या अधिकाराचे, दुसरे पोटापाण्याच्या जागेचे. एक उघडे आणि दुसरे बंद असले, तर आत जाता येत नाही.

तंत्रशिक्षणाच्या संस्थांपाशी पहिले दार फार दिवस नव्हतेच. युरोपातील जुन्या विद्यापीठांतून धर्म, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान या शाखांचे डॉक्टर निघत. पूल बांधणे, यंत्रे घडवणे, रंग आणि खते तयार करणे ही विद्या त्यांच्या लेखी कारागिरी होती. आपल्याकडे पोथी वाचणारा वरच्या ओसरीवर आणि ऐरण वाजवणारा वेशीबाहेर, तसलाच हा प्रकार. १७९४ साली पॅरिसात एकोल पॉलिटेक्निक निघाली, १८२५ साली जर्मनीत कार्ल्सरूहची तंत्रशाळा निघाली, पुढे अशा शाळा गावोगाव झाल्या. त्यांतून शिकलेल्या इंजिनिअरांनी रेल्वे आणि विजेचे कारखाने उभे केले; पण डॉक्टर ही पदवी त्यांना आपल्या संस्थेतून मिळेना.

हा वाद शेवटी राजदरबारी गेला. १८९९ च्या ऑक्टोबर महिन्यात बर्लिनच्या तंत्रशाळेचा शताब्दी उत्सव होता. तो मुहूर्त साधून दुसऱ्या विल्हेल्म बादशहाने, प्रशियाचा राजा या नात्याने, आपल्या राज्यातील तंत्रशाळांना 'डॉक्टर-इंजिनिअर' ही पदवी देण्याचा अधिकार बहाल केला. जुन्या विद्यापीठांना ते रुचले नव्हते. त्यांचा मान राखण्यासाठी फर्मानात एक गमतीची अट घालण्यात आली: या नव्या पदवीचे संक्षिप्त रूप लॅटिन वळणाने लिहायचे नाही, जर्मन लिपीतच लिहायचे. का, तर जुना डॉक्टर कोण आणि नवा कोण, हे कागदावर नुसते पाहताच कळावे! अट गेली, पदवी राहिली. दोन-तीन वर्षांत जर्मनीतील इतर राज्यांनीही आपापल्या तंत्रशाळांना तोच अधिकार दिला.

आता शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये चला. झुरिक शहरात १८५५ साली तिथल्या संघ-सरकारने एक तंत्रशाळा उघडली होती. तीच आज 'ईटीएच' या नावाने जगभर ओळखली जाते. तिची थोरली इमारत १८६४ साली पुरी झाली, आणि त्याच इमारतीच्या दक्षिणेकडील भागात झुरिकचे विद्यापीठ भरू लागले. ते तिथे १९१४ पर्यंत होते. पाहा म्हणजे झाले: छप्पर एकच, पण इमारतीच्या एका अंगाला डॉक्टर करण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्या अंगाला नव्हता. तंत्रशाळेतून पास झालेल्या ज्याला डॉक्टर व्हायचे असेल, त्याने आपला प्रबंध शेजारच्या विद्यापीठापुढे ठेवायचा.

या तंत्रशाळेत १८९६ साली सतरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. आदल्या वर्षी तो प्रवेशपरीक्षेत नापास झालेला होता, म्हणून एक वर्ष दुसऱ्या गावच्या शाळेत काढून पुन्हा आला होता. त्याचे नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारे शिक्षक तयार करण्याचा जो विभाग होता, त्यात तो शिकत होता. १९०० च्या उन्हाळ्यात त्याच्या वर्गातील पाच जणांनी शेवटची परीक्षा दिली. चौघे पास झाले, आणि त्या चौघांत आइन्स्टाइनचा नंबर शेवटचा होता. सहापैकी सरासरी ४.९१ गुण, म्हणजे वाईट नाही, पण डोळ्यांत भरण्याजोगेही नाही. पाचवी मिलेवा मारिच, ही सर्बियन मुलगी, नापास झाली. पुढे तीच आइन्स्टाइनची पत्नी झाली.

पास झालेल्यांपैकी ग्रोसमान, एहराट आणि कोलरोस या तिघांना तंत्रशाळेतच सहायकाच्या जागा मिळाल्या. चौथ्याला मिळाली नाही.

असे का झाले? त्या काळी सहायक नेमणे ही सर्वस्वी प्राध्यापकाच्या मर्जीतली गोष्ट होती. जाहिरात नाही, मुलाखत नाही. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक वेबर यांच्याशी आइन्स्टाइनचे बिनसले होते. तो त्यांना 'प्राध्यापक महाशय' न म्हणता नुसते 'वेबर महाशय' म्हणे, असे सांगतात. वेबर यांनी याला बाजूला ठेवून दोन इंजिनिअर घेतले. गणिताचे प्राध्यापक हुरविट्झ यांच्याकडेही त्याने शब्द टाकला. तिथेही जमले नाही. बिचाऱ्या प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. हा विद्यार्थी तासांना दांड्या मारी, मित्राच्या वह्या वाचून परीक्षेला बसे, आणि प्रयोगांच्या तासांना हजर राहत नाही म्हणून त्याला संस्थेकडून लेखी समजही मिळाली होती. तुम्ही शिक्षक आहात. असा मुलगा मदतनीस म्हणून तुम्ही तरी घेतला असता का? म्हणजे अन्याय झाला असे सरळ म्हणता येत नाही. पण एक गोष्ट खरी, की त्याची पारख करण्याचा दुसरा मार्गच त्या व्यवस्थेत नव्हता. दोन-तीन माणसांचे मत प्रतिकूल झाले, की दार बंद.

मग सुरू झाली पत्रांची वणवण. १९०१ च्या मार्चमध्ये त्याने लाइपझिगचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिले, सोबत आपला छापून आलेला पहिला लेख जोडला, आणि आपल्याला जागा मिळेल का असे विचारले. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा लिहिले. उत्तर नाही. हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस हे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना त्याने जोडकार्ड पाठवले. आपल्याकडेही टपालात जोडकार्ड मिळे. अर्धे आपण लिहायचे, अर्धे कोरे ठेवायचे, समोरच्याला उत्तराचा खर्च नको. ते कार्ड लायडनच्या बोरहावे संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहे, आणि त्याचा उत्तराचा अर्धा भाग कोराच आहे.

या सगळ्यात एक पत्र असे आहे, की ते वाचून कुठल्याही आईबापाला गलबलून येईल. १३ एप्रिल १९०१ रोजी आइन्स्टाइनचे वडील हेर्मान यांनी, मुलाला कळू न देता, ओस्टवाल्ड यांना लिहिले. हा गृहस्थ काही विद्वान नव्हे. विजेच्या सामानाच्या धंद्यात वारंवार ठोकर खाल्लेला. त्याने विनवले, की माझा मुलगा जागा नसल्याने फार खचला आहे, आपल्यावर ओझे झालो असे त्याला वाटते. आपण त्याचा लेख वाचून दोन धीराचे शब्द लिहिलेत आणि जमल्यास सहायकाची जागा दिलीत तर उपकार होतील. याही पत्राला उत्तर आल्याचे आढळत नाही. दीड वर्षाने, १९०२ च्या ऑक्टोबरात, वडील वारले. याच ओस्टवाल्ड यांनी पुढे १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइनचे नाव सुचवले. त्याचे नाव सुचवणारे ते पहिलेच. पण हे पाहायला वडील नव्हते.

मधल्या काळात आइन्स्टाइनने विंटरथुरच्या तंत्रशाळेत दोन महिने बदली शिक्षक म्हणून काम केले, मग शाफहाउझेन गावी शिकवणी धरली. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने शेजारच्या विद्यापीठात एक प्रबंधही दाखल केला. तो दोन-तीन महिन्यांत मागे घेतला आणि भरलेली फी परत नेली.

आता जाहिरातीची गोष्ट. ज्याच्या वह्यांवर तो परीक्षा पास झाला होता, त्या ग्रोसमानने आपल्या मित्राची ही दैना घरी सांगितली. ग्रोसमानच्या वडिलांची बर्न येथील सरकारी पेटंट कचेरीचे प्रमुख हाल्लर यांच्याशी ओळख होती. त्यांनी हाल्लर यांच्या कानावर नाव घातले. हाल्लर यांनी लगेच नेमणूक केली का? नाही. सरकारी जागा होती. ११ डिसेंबर १९०१ च्या सरकारी गॅझेटात तिची जाहिरात आली: काम काय, शिक्षण काय हवे, अर्ज कुठे करायचा. १८ डिसेंबरला आइन्स्टाइनने अर्ज टाकला. नेमणूक व्हायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. जागा दुसऱ्या वर्गाची निघाली होती. पण यंत्रांचे नकाशे वाचण्याचे त्याचे ज्ञान अपुरे म्हणून त्याला तिसऱ्या वर्गात, तेही तात्पुरते घेतले. पगार वर्षाला ३,५०० फ्रँक. २३ जून १९०२ रोजी तो कामावर रुजू झाला.

आता पारावरची मंडळी म्हणतील, "बघा! शेवटी वशिलाच ना?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ओळख उपयोगी पडली, हे कबूल. पण वशिला आणि शिफारस यांत फरक आहे. योग्यता नसताना किंवा दुसऱ्याचा हक्क डावलून जागा मिळते, तो वशिला. या माणसाकडे एकदा नीट पाहा, एवढेच जो सांगतो, तो शिफारस करतो. ग्रोसमानच्या बापाने पाहायला लावले. पुढे जाहिरात निघाली, अर्ज झाला, तपासणी झाली, आणि कमी पडले तिथे एक पायरी खालची जागा मिळाली. तंत्रशाळेत मात्र जाहिरातही नव्हती आणि तपासणीही नव्हती. उघड जाहिरात निघाली म्हणजे ओळखीपाळखी संपतात असे नाही. पण ज्याची कुणाशी ओळख नाही, त्यालाही अर्ज टाकता येतो. वशिल्याचे पाणी अडवायला हा बांध फार उंच नाही, पण बांध आहे.

पोटाची सोय झाल्यावर प्रबंधाचे काम पुन्हा सुरू झाले. दिवसा कचेरी, रात्री कागद. १९०५ साली त्याने झुरिक विद्यापीठापुढे नवा प्रबंध ठेवला. विषय ऐकायला सोपा आहे. पाण्यात साखर विरघळली की पाणी किंचित दाट होते. त्या दाटपणावरून साखरेचा एक रेणू केवढा असेल, याचा हिशेब बांधता येईल का? प्रबंध इतका छोटा होता, की प्राध्यापक क्लाइनर यांनी तो आखूड म्हणून परत केला आणि आइन्स्टाइनने त्यात एकच वाक्य घालून पुन्हा पाठवला, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे कसेही असो, प्रबंध मान्य झाला. त्याने तो मित्र ग्रोसमान याला अर्पण केला. या लेखातला हिशेब पुढे सिमेंटमधील वाळूचे कण आणि गाईच्या दुधातील केसिनचे कण यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही उपयोगी पडला. म्हणजे कारखाना आणि डेअरी दोन्हीकडे पोचला!

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या मान्य झालेल्या प्रबंधात आकडेमोडीची एक चूक होती. प्रयोगाशी उत्तर जुळेना, म्हणून काही वर्षांनी आइन्स्टाइनने आपल्या सहकाऱ्याला, लुडविग होप्फ याला, हिशेब तपासायला सांगितले. त्याने चूक शोधली आणि १९११ साली दुरुस्ती छापली गेली. तेव्हा डॉक्टरेट म्हणजे बिनचूकपणाचा शिक्का असे मुलांच्या मनावर बिंबवू नका. स्वतःचे काम दुसऱ्याला तपासू देण्याची सवय लागली, तर तेही मोठे शिक्षण आहे.

झुरिकच्या तंत्रशाळेला डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला आणि १९०९ पासून तिथे स्वतःचे डॉक्टर होऊ लागले. १९१२ साली आइन्स्टाइन त्याच संस्थेत परत गेला, तो सहायक म्हणून नव्हे, प्राध्यापक म्हणून. ग्रोसमान तेव्हा तिथे गणिताचा प्राध्यापक होता. दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीचे काम केले. ही गोष्ट गोड झाली खरी, पण मिलेवा मारिचला विसरू नका. तिलाही डॉक्टर व्हायचे होते. १९०१ साली ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली, तेव्हा ती गरोदर होती आणि लग्न झालेले नव्हते. ती पुन्हा नापास झाली, आणि तिचे शिक्षण तिथेच थांबले. धडपडून दार उघडलेल्या एका माणसाची कथा आपण सांगतो. दाराबाहेर राहिलेल्यांची नावे सहसा कुणाला ठाऊक नसतात.

आज काय स्थिती आहे? जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये तंत्रविद्यापीठांतील डॉक्टरेटच्या बहुतेक जागा पगारी असतात; संशोधक विद्यार्थी हा त्या संस्थेचा नोकर मानला जातो, त्याला ठरावीक मुदतीचा करार मिळतो. जागा संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. विषय, पगाराची श्रेणी, लागणारी पदवी आणि शेवटची तारीख सहसा तिथेच असते. अर्जासोबत गुणपत्रके, आपण हे काम का करू इच्छितो याचे पत्र, आणि शिकवलेल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावे मागतात. झुरिकच्या त्या संस्थेत आज डॉक्टरेट करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण परदेशांतून आलेले आहेत. तरीही निवडीचा शेवटचा शब्द पुष्कळदा एका प्राध्यापकाचाच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून एकाच दारावर डोके आपटू नये. दहा ठिकाणी नीट विचार करून अर्ज करावेत.

आणि ही दारे दूरदेशीच आहेत असेही नव्हे. मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रसायन-तंत्रविद्या विभाग सुरू झाला. तो आता स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. पवईची आय.आय.टी. १९५८ साली सुरू झाली. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आय.आय.टी.मध्ये पीएच.डी.चे प्रवेश सहसा वर्षातून दोनदा जाहीर होतात. गेट किंवा नेटसारखी परीक्षा, मग विभागाची चाचणी आणि मुलाखत, असा क्रम असतो. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे. शिवाय चालू प्रकल्पांवर 'प्रकल्प सहायक' म्हणून तात्पुरत्या जागा निघतात, एम.एस्सी. किंवा बी.ई. झालेल्या मुलाला प्रयोगशाळेचे काम जवळून पाहण्याची ती उत्तम संधी असते.

शिक्षक मंडळी, यात तुमचे काम कोणते? जाहिरात वाचून दाखवणे, शेवटची तारीख फळ्यावर लिहिणे, आणि मुलाने शिफारसपत्र मागितले तर ठोकळेबाज चार ओळी न खरडता, त्याने केलेले एखादे खरे काम त्यात नमूद करणे. 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'याने गावातील अकरा विहिरींची पातळी वर्षभर मोजली' असे लिहिलेत, तर तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि आईबापहो, एम.एस्सी. झालेल्या मुलीला पुढे शिकायचे असेल, तर तिचा अर्ज तिच्या लग्नाच्या बोलण्यांत हरवू देऊ नका. उत्तर येणार नाही अशी पत्रे पुष्कळ लिहावी लागतात. लिहू द्या. कार्डाचा अर्धा भाग कोरा परत आला, तरी दुसरे कार्ड टाकायला मुलाला पैसे आणि मुलीला वेळ मिळाला पाहिजे, एवढे आपल्या हाती आहे.